मेसिनाच्या उतारावर गिरजाबाई

निघोज्याच्या गिरजाबाईंचं निम्मं रान चाकणच्या कंपन्यांत गेलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत नवराही गेला. पदरात लहानगा सनी. बाईंनी पहाटे उठून भाकरी-पिठलं करायला घेतलं आणि महाळुंग्याच्या कंपन्यांच्या गेटवर नेऊन विकू लागल्या. सुरुवातीला भावकीतल्या एकाच्या गाडीत डबे ठेवून जायच्या. त्याची यायची वेळ काही धड नसे. शिफ्ट सुटून जायची, भाकऱ्या तशाच माघारी यायच्या. शेवटी वैतागून बाईंनी स्वतःचा तीनचाकी ॲपे टेम्पो घेतला आणि दिराला न विचारता तो चालवायला शिकल्या. गावात हसले लोक. पण पुढं वीसेक वर्षं त्या गेटवरचे कामगार टेम्पोचा आवाज आला की हात धुवायला उठायचे.

सनी शिकला, हिंजवडीत नोकरीला लागला, मारुंजीत फ्लॅट घेतला. बाईंची साठी उलटल्यावर त्यानं आईला म्हटलं, आता बस. टेम्पो विकला. बाई अकराव्या मजल्यावर राहायला गेल्या. सूनबाई मिनल चांगली, सनी जीव लावणारा, तक्रारीला जागाच नव्हती. पण दिवसभर बाल्कनीतून खालची वाहनं बघत बसायचं, आणि कोण चुकीच्या गिअरमध्ये चढ चढतंय ते आवाजावरून ओळखायचं, एवढंच काम उरलं होतं.

मग कंपनीनं सनीला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवलं. उन्हाळ्यात त्यानं आईलाही बोलावून घेतलं आणि तिघं मोठ्या जहाजानं इटलीच्या सफरीला निघाली. जहाज रोज एका बंदराला लागायचं, लोक उतरून दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी परत यायचे. सनी आईला काचेच्या भांड्यासारखा जपत होता. आई, इथं धर. आई, तिकडं वारा आहे. बाई सगळ्याला बरं म्हणायच्या. पोरानं हौसेनं आणलंय, त्याचा हिरमोड कशाला, असं त्यांना वाटे.

सिसिलीतल्या मेसिना बंदरावर सनी आणि मिनल ज्वालामुखी बघायला जाणार होते. तिथं चढ होता, म्हणून त्यानं आईला दुसऱ्या बसमध्ये बसवलं. ही बस डोंगरातल्या एका छोट्या वायनरीत जाणार होती. "आई, तिथं नुसतं बसायचंय," तो म्हणाला. जन्मात दारूला न शिवलेल्या आईला आपण दारू गाळतात तिथं धाडलं, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा बस निघून गेली होती.

वायनरी म्हणजे एक दगडी घर, मागं तळघर आणि उतारावर द्राक्षांचा मळा. मालक कार्मेलो नावाचे म्हातारबाबा, उजवा हात प्लास्टरमध्ये. पाहुणे पेले घेऊन बसले तशा गिरजाबाई मागच्या दारानं मळ्यात गेल्या. वेलींच्या ओळींमध्ये चक्क घोळाची भाजी माजली होती, आपल्या रानात माजते तशीच. बाईंचे हात थांबेनात. खुडत खुडत त्या पार खालच्या बांधापर्यंत गेल्या. पिशवी भरून वर आल्या, तर अंगणात बस नाही.

झालं होतं असं, की त्याच वेळी अंगणात आलेल्या आणखी एका बसमधलं कुणीतरी चुकून बाईंच्या बसमध्ये चढलं होतं. गाइडनं डोकी मोजली, हिशोब बरोबर आला, बस गेली.

बाई पायरीवर बसल्या. सनीनं दिलेला फोन फक्त जहाजावरच चालायचा. भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. नवरा गेला त्या दिवसानंतर इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, असं त्यांनी पुढं गावी आल्यावर मला सांगितलं.

कार्मेलोबाबा बाहेर आले. एकट्या बाईला बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि चारपाच ठिकाणी फोन केले. गाडी घेऊन त्यांची लेक खाली शहरात गेली होती. टॅक्सी वर येऊन परत खाली पोचेपर्यंत जहाज सुटणार, हे बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून आणि हातवाऱ्यांवरूनच कळलं. मग बाईंची नजर सहज गोठ्यासारख्या पडवीकडं गेली. तिथं रिकाम्या क्रेटांनी भरलेली एक निळी तीनचाकी उभी होती.

"ॲपे!" बाई म्हणाल्या.

बाबा दचकले. "आपे," तेही म्हणाले; गाडी मूळची त्यांच्याच देशातली. दोघांमध्ये एवढा एकच शब्द सामायिक होता. त्यांनी प्लास्टरचा हात वर करून दाखवला, मान हलवली.

गिरजाबाईंनी पदर खोचला, छातीवर हात ठेवला आणि मग तोच हात हँडलवर ठेवला. "मी चालवते की. तुमी बसा."

बाबांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा खालच्या वळणांकडं बघितलं आणि खिशातून किल्ली काढली.

पहिल्या वळणावर बाईंचा गिअर चुकला. दुसऱ्या वळणावर हातांना आपोआप सगळं आठवलं. अडचण एकच, तिथं गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानं हाकायची. बाई सवयीनं डावीकडं सरकल्या की बाबा त्यांच्या खांद्यावर थाप मारायचे. मागं क्रेट खडखडत होते, खाली निळा समुद्र आणि त्यात आपलं पांढरं जहाज दिसत होतं. मागून एक मोठी गाडी हॉर्न मारू लागली. बाईंनी तिला वाट दिली नाही. त्यांना एकाएकी हसू फुटलं. बाबांनी चकित होऊन बघितलं आणि मग तेही मोठमोठ्यानं हसायला लागले.

शहरात गर्दी होती, पण चाकणच्या तळेगाव चौकातून भरल्या डब्यांची गाडी काढलेल्या बाईला ती काय अडवणार? जरा फट दिसली की नाक घालायचं आणि पुढं सरकायचं. बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. बाबांनी खिडकीतून डोकं काढून त्याला असं काही सुनावलं, की दांडा लगेच वर गेला.

धक्क्यावर जहाजाच्या शिडीपाशी सनी उभा होता. आईशिवाय चढणार नाही म्हणून त्यानं बॅगा खाली उतरवून घेतल्या होत्या. मिनल बॅगेवर बसून रडत होती. समोरून निळी तीनचाकी आली आणि बरोबर शिडीच्या तोंडाशी थांबली. हँडलवर आई होती. वरच्या डेकवरचे लोक टाळ्या वाजवायला लागले.

"आई, तू..." सनी धावत पुढं आला.

"आधी ह्या बाबांना हात दे," बाई म्हणाल्या. "त्यांचा हात मोडलाय."

बाबांची लेक शहरातून धक्क्यावर येऊन थांबली होती, ती त्यांना घरी नेणार होती. बाबांनी सीटखालून एक बाटली काढून बाईंना दिली. बाईंनी पिशवीतली निम्मी भाजी त्यांच्या लेकीच्या ओंजळीत ठेवली. मग बाबांनी टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. चढताना बाईंनी शिडीचा कठडा धरला नाही.

दुसऱ्या दिवशी जहाज नेपल्सला लागलं. आज कुठं जायचं, असं सनीनं पहिल्यांदाच आईला विचारलं. बाई म्हणाल्या, "तुमी दोघं तुमचं बघा. मी जरा फिरून येते." आणि एकट्या उतरून गेल्या. सनी बघत राहिला, पण त्यानं हाक मारली नाही.

परत आल्यावर बाई मारुंजीला राहिल्या नाहीत. निघोज्याला आल्या, एक जुना ॲपे घेतला आणि लायसन नवं करून घेतलं. त्या कामाला सनीच त्यांच्याबरोबर गेला होता. आता रविवारी कंपन्या बंद असल्या की मोकळ्या रस्त्यावर गावातल्या पाच बायका त्यांच्याकडं गाडी शिकायला येतात. त्यात त्यांच्या दिराची सून वर्षाराणी सगळ्यात तयार. परवा तिनं उलट्या गिअरमध्ये गाडी अरुंद बोळातून एका दमात बाहेर काढली, तेव्हा टाळी पहिली दिरानं वाजवली.