तानीबाई रानात येणार न्हाय

तानीबाई तोंडाची फटकळ. कोगनोळीच्या अलीकडच्या त्या गावात तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. पण भरमू अण्णांच्या रानात मात्र तिनं सगळं वय खाली मान घालून काढलं. तिथं फटकळपणा परवडणारा नव्हता.

अण्णांचं घर तंबाखूवाल्या मोठ्या घरांपैकी एक. तानीबाईचा नवरा सत्याप्पा तिथं सालगडी होता आणि त्याच्या बापानंही त्याच गोठ्यात बैलं सांभाळली होती. सत्याप्पा अण्णांच्या घराला ‘आपलं घर’ म्हणायचा आणि स्वतःच्या घराला नुसतं ‘खाली’. खाली जाऊन येतो, खाली जेवून येतो. तानीबाईला ते ऐकून अंगाची आग व्हायची, पण लग्न झाल्यापासून ऐकत आली होती.

तंबाखूचं काम तिला कधी मानवलंच नाही. शेंडे खुडताना पानाचा चीक हाताला बसतो, काळा पडतो, राखेनं घासला तरी जात नाही. त्या हातानं थापलेली भाकरी कडू लागते. लेक बुद्धप्रिय लहान असताना तिच्या हातचा घास थुंकून टाकायचा. उन्हात डोकं गरगरायचं, पोटात ढवळायचं. एकदा ती उलटी करून बांधावर आडवी झाली, तर अण्णांची बायको मालुबाई वरून म्हणाली, “नाटकं पुरं झाली, तानी. सरी तशीच ऱ्हायली बघ.” तानीबाई उठली आणि सरीला लागली. आठवड्याचा बाजार त्या मजुरीवरच व्हायचा. बुद्धप्रिय पुढं बेळगावला फाउंड्रीत लागला, बायको समतासकट तिकडंच राहिला. पण त्याचं त्यालाच पुरत नव्हतं.

मग कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे सुरू झाले. रेशन कार्डावर घरची कर्ती म्हणून तानीबाईचं नाव होतं, म्हणून महिन्याला दोन हजार तिच्या खात्यावर. पहिला हप्ता आला त्या दिवशी सत्याप्पा अण्णांच्या पाया पडून आला. त्याला वाटलं, त्यांनीच खटपट करून दिले असणार. अण्णांनीही तसं काही नाही असं म्हटलं नाही. तानीबाईला हे कळलं तेव्हा तिनं हातातला तांब्या भिंतीवर आपटला. जन्मात पहिल्यांदा तिच्या नावावर काही आलं होतं आणि त्याचेही आभार वर जाऊन मानून झाले होते.

त्या पैशानं काही मोठं झालं नाही. तेल, डाळ, गॅस, तिच्या गुडघ्याच्या गोळ्या. दोन शेळ्या होत्या, त्यांत एकीची भर पडली. पण चार-पाच महिने गेल्यावर तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. तांदूळ रेशनचा, वरचा बाजार या पैशातून. म्हणजे तंबाखूच्या रानात पाऊल टाकलं नाही तरी घरात चूल पेटत होती.

दिवाळी झाली आणि शेंडे खुडायचं काम आलं. सत्याप्पा संध्याकाळी निरोप घेऊन आला, उद्यापासून गल्लीतल्या बायका घेऊन ये.

“मी येणार न्हाय,” तानीबाई म्हणाली.

“बरं वाटंना व्हय?”

“बरं हाय. येणार न्हाय.”

सत्याप्पाला आधी कळेचना. मग त्याचा आवाज चढला. वर काय तोंड दाखवू, म्हणाला. स्वतःचंच दाखवा, ती म्हणाली, माझं काय न्यायला पाहिजे असं नाही. भुईमूग काढायला, सोयाबीन कापायला ती दुसऱ्यांच्या रानात जाणार होती. तंबाखूला नाही. तिनं गल्लीत कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी आणखी चार बायका गेल्या नाहीत. कुणाचं अंग दुखत होतं, कुणाकडं पाहुणे आलेले. मालुबाईनं ओळखायचं ते ओळखलं.

त्या महिन्यात दोघींची गाठ बँकेत पडली. मालुबाई लेकाच्या मोटारसायकलवरून आली होती. तानीबाई रांगेत पुढं होती. मालुबाई शेजारणीशी बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागली. सरकार फुकट वाटतंय आणि बाया माजल्यात. कष्ट करायला नकोत, रानं वाळू देत. घरबसल्या खायची चटक लागली की हे लोक कुणाचे राहत नाहीत.

‘हे लोक’ म्हटल्यावर तानीबाई वळली.

“आक्का, तुम्ही कशाला आलाय बँकेत?”

मालुबाईनं पासबुक पदराआड केलं.

“तुम्हालाबी तेवढंच येतंय न्हवं? माझ्याएवढंच. मग तुमाला कसली चटक लागली?”

रांगेत कुणीतरी पदर तोंडाला लावला. मालुबाई रांगेतून बाजूला झाली. ती पैसे न काढताच बाहेर गेली.

त्याची भरपाई लगेच झाली. गल्लीतून डांबरी रस्त्याला निघणारी पायवाट अण्णांच्या रानाच्या कडेनं जायची. तिथं काटेरी तार आली. सगळ्या गल्लीला वळसा पडला आणि जो तो तानीबाईला बोलू लागला. तिच्या शेळ्यांना बांधावरचं गवत बंद झालं. एक शेळी चुकून आत गेली, ती पाय मोडून परत आली. बेळगावहून बुद्धप्रियचा फोन आला, आई, मोठ्या लोकांशी कशाला वैर, सोडून दे. तू तिकडून शहाणपणा शिकवू नको म्हणून तिनं फोन ठेवला.

सत्याप्पानं अंथरूण उचललं आणि तो अण्णांच्या गोठ्यात राहायला गेला. जाताना म्हणाला, “तुझ्या पैशाची भाकरी मला नगं.”

“आजपतुर कुणाच्या पैशाची खाल्ली, त्याचा हिशेब एकदा वर जाऊन इचारा,” ती म्हणाली. तो थांबला नाही.

आणि नेमके त्याच सुमाराला हप्ते थकले. एक महिना गेला, दुसरा गेला. बँकेतला माणूस कानडीत एवढंच म्हणायचा, “इन्नू बंदिल्ल.” अजून आले नाहीत. मालुबाईच्या घरात तर सण असल्यासारखं झालं. तिला त्या दोन हजारांची अडचण नव्हती. ती वाट बघत होती तानीबाईची. सत्याप्पाकरवी निरोपही आला, मुकाट्यानं आलीस तर झालं गेलं काढणार नाही.

तानीबाईनं मोडक्या पायाची शेळी खाटकाला दिली. मग एक दिवस सरळ बसमध्ये बसली. सरकारी बसला बायकांना तिकीट नव्हतंच. कोगनोळीला हायवेवर उतरून ती एकामागून एक ढाबे विचारत गेली आणि चौथ्या ठिकाणी तिला भाकरी थापायचं काम मिळालं. मालक घाण बोलायचा, चुलीची धग उभ्या अंगाला लागायची, आणि नाक्यावर ट्रक तुंबले की मान वर करायला सवड नसायची. काम वाईटच होतं. पण हात पांढरे असायचे, पिठाचे.

हप्ते पुढं एकदम आले. तरी तिनं ढाबा सोडला नाही.

इकडं शेंडे वेळेवर न खुडल्यानं अण्णांच्या तंबाखूची बगलफूट वाढून पानं बारकी राहिली होती. मालुबाईला स्वतः रानात उभं राहावं लागलं. शेवटी अण्णांनी मजुरी वाढवली, तारही काढली. गल्लीतल्या बायका पुन्हा जाऊ लागल्या. वाढलेली मजुरी त्यांनी घेतली, आणि तानीनं गाव नासवलं असं मालुबाई म्हणायची, तेव्हा होय होय म्हणून माना हलवल्या. तानीबाईला कुणी बरं म्हटलं नाही. तिनंही त्यांच्यातल्या एकीलाही दारात उभं केलं नाही.

उन्हाळ्यात खताचं पोतं उतरवताना सत्याप्पा ट्रॉलीवरून पडला. खांद्याचं हाड मोडलं. दोन दिवस गोठ्यातच हळदीचा लेप लावून पडला होता, तिसऱ्या दिवशी अण्णांनी त्याला रिक्षात घालून खाली पाठवलं. त्याच आठवड्यात गोठ्यात दुसरा गडी आला, शामू नावाचा तरणा पोरगा.

तानीबाईनं सत्याप्पाला निपाणीला नेऊन प्लास्टर घालून आणलं. वाटेत एक अक्षर बोलली नाही. आता यायचं झालं व्हय, एवढं तिच्या ओठावर आलं होतं आणि तिनं ते गिळलं ते दयेनं नव्हे. त्याच्याशी बोलायचीच तिला इच्छा नव्हती.

सत्याप्पा उंबऱ्यात बसून असायचा. अण्णा बघायला येतील, म्हणायचा. पहिल्या आठवड्यात रोज म्हणायचा. मग कधीमधी. अण्णांची मोटार गल्लीच्या तोंडावरून जायची, तेव्हा तो दुसरा, बरा हात टेकून उठायचा. मोटार थांबली नाही.

प्लास्टर काढून आणल्यावर एका संध्याकाळी ती ढाब्यावरून आली, तर तो अंधारात दिवा न लावता बसला होता.

“बापानं माझ्या तिथंच जीव सोडला, गोठ्यात,” तो म्हणाला. “ह्यांनी मला एकडाव बघायला यायला पायजे होतं.”

तानीबाईनं दिवा लावला. समजूत घालणं तिला येत नव्हतं आणि घालायचीही नव्हती. इतक्या वर्षांत तो त्या घराविरुद्ध पहिल्यांदा काही बोलला होता, आणि आणखी बोलावं असं तिला वाटत होतं.

“पुढं बोला,” ती म्हणाली आणि त्याच्यासमोर बसली.