अंगावर शिवलेला झगा

टाचणीबाईंबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. सिनेमाच्या कपडेपटात त्यांच्या शिलाई मशीनला लागूनच माझं इस्त्रीचं टेबल होतं, तरी त्यांच्या घरी कोण कोण आहे हे मला कधी नीट कळलं नाही. एक बहीण होती आणि तिच्याशी बोलणं नव्हतं, एवढंच. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, म्हणून ते नाव पडलं. ओठ मिटूनही त्या झकास शिव्या द्यायच्या. मी मुखदुर्बळ; मला त्यांचा धाकच वाटे.

त्या वर्षी राजकन्येच्या जुन्या गोष्टीवर प्रेमपट चालला होता. गोष्टीतली राजकन्या मनोऱ्यात निजून राजपुत्राची वाट पाहते. आमची पाहणार नव्हती. ती तलवार घेऊन स्वतः खाली उतरणार, राजपुत्रालाच सोडवणार. जाहिरातीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘ती कुणाची बंदिनी नाही.’

तिचा झगा बाईंनी शिवला. हात मोकळा फिरावा म्हणून काखेत जोडकापडाच्या कळ्या, सैल करता यावं म्हणून शिवणीत भरपूर माया, पाठीला चेन. नटीनं तो घालून तलवार फिरवून पाहिली आणि खुशीत हसली. दिग्दर्शक मात्र हसले नाहीत.

“कंबर कुठाय?”

“आत आहे,” बाई म्हणाल्या. “बाहेर काढून दाखवू?”

“कळ्या काढा, माया कापा. चेन फुगते, तीही नको. रोज सकाळी अंगावरच शिवा.”

“आणि पोरगी श्वास कुठून घेणार?”

“श्वास नंतर भरतो आम्ही. डबिंगच्या खोलीत.”

त्यांच्या मागेपुढे करणारे खो-खो हसले.

मग रोज सकाळी बाई त्या मुलीच्या पाठीवर टाके घालू लागल्या. संध्याकाळी उसवेपर्यंत तिला संडासला जायची सोय नव्हती, म्हणून ती पाणीच पीत नसे. झगा माझ्याकडे येई तो घामानं चिंब, आंबलेला, शिवणीच्या कडेला रक्ताचे ठिपके. किळस त्या वासाची नव्हती. त्यावर इस्त्री फिरवून तो पुन्हा देखणा करायचा, त्याची होती.

मनोऱ्यावरून उतरायचं दृश्य होतं त्या दुपारी नटी भिंतीला धरून कपडेपटात आली. ओठांना चिरा पडल्या होत्या.

“मावशी, उसव ना गं. मला जायचंय.”

मागोमाग दिग्दर्शकाचा मदतनीस. “पुन्हा शिवेपर्यंत ऊन जाईल. थांबेल ती. मावशी, कात्रीला हात लावलात तर उद्या येऊ नका. या वयात दुसरीकडे कोण ठेवतंय तुम्हाला?”

ते खरंच होतं. बाईंना सुईत दोरा ओवायलाही त्रास व्हायला लागला होता. त्यांनी तोंडातल्या टाचण्या टेबलावर थुंकल्या आणि कात्री उचलली. टाके उसवले नाहीत. मानेपासून कंबरेपर्यंत कापडच कराकरा कापलं.

“जा पोरी, पळ. आणि तुम्ही आता शिवत बसा.”

दुसरा झगा दुसऱ्या शिंप्याकडून आला, तसाच घट्ट. पुढे चित्रपट लागला तेव्हा मी गेलो होतो. “मला कुणी बांधून ठेवू शकत नाही!” असं ती ओरडली आणि सगळं थिएटर टाळ्या पिटू लागलं. मागे तिचा श्वास ऐकू येत होता, मोठा, मोकळा, नंतर भरलेला. मध्यंतरालाच मी उठून आलो.

बाईंना झगा कापला त्याच दुपारी काढलं. मशीन त्यांचं स्वतःचं होतं. दोघांनी मिळून ते थांब्यापर्यंत नेलं. लांबून एक बस येताना दिसली. बाई समोर बघून म्हणाल्या,

“अहो इस्त्रीवाले, ही आपलीच बस का? मला लांबचा नंबर दिसत नाही.”

“आपलीच.”

“भरलीय?”

“पुढे एक जागा दिसतेय.”

“मग उचला तुमच्या बाजूनं. सांभाळून, मशीनचा पाय आपटेल.”