चावडीपुढची गर्दी

खर्ड्याच्या अलीकडे आमचं गाव. गेल्या वर्षी तिथं एका क्राइम पिक्चरचं शूटिंग झालं. नवरा बायकोला केस धरून चावडीपुढून फरफटत नेतो आणि गाव बघत राहतं, असा प्रसंग होता. पुढं तिचा खून होतो, इन्स्पेक्टर येतो आणि उरलेले दोन तास पिक्चर इन्स्पेक्टरच्या दुःखाचा असतो. बाई भिंतीवरच्या फोटोपुरती राहते. पिक्चर स्त्रियांच्या बाजूचा आहे, असं दिग्दर्शकानं नारळ फोडताना सांगितलं.

गर्दीला गावातलीच माणसं घेतली. मी निवृत्त शिक्षक, म्हणून पुढच्या रांगेत.

"काही करायचं नाही, फक्त बघायचं," दिग्दर्शक भोंग्यावरून म्हणाला. शहरातल्या नटांना हे जमत नाही म्हणे, ते हळहळतात. आम्हाला पहिल्याच वेळी जमलं. कुणी तंबाखू मळत राहिलं, कुणी पदर दातात धरला, मी चष्मा पुसला. दिग्दर्शक खूश झाला.

सराव होता. आदल्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर माझ्या शेजाऱ्यांच्या सुनेला तिच्या नवऱ्यानं याच चावडीपुढून असंच नेलं होतं. ती माहेरी गेली, कोर्टात केस केली. पाहिलेलं सांगणारा एक माणूस तिला हवा होता. माझ्याकडं तीनदा आली. तिन्ही वेळा मी "बघू" म्हणालो.

शूटिंगच्या दिवशी ती ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी आली होती. दुसरा टेक सुरू झाला, तशी गर्दीतून वाट काढत आत शिरली, नटाला बाजूला ढकललं आणि नटीला दंडाला धरून उभं केलं.

"कट! कोण आहे ही बाई?"

"हिरवीन व्हायचंय तिला!" मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हय, नांदायचं जमंना, मग पिक्चरच की!"

सगळे हसले. नटी तिला हळूच म्हणाली, "ताई, मला लागलं नाही हो."

तिला पारावर बसवलं. मी पाणी दिलं.

"अगं, खोटं होतं ते."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"तुमी समदे तसंच उबं हुता, गुरुजी. जागासुदिक त्याच." ती पाणी प्यायली. "गुरवारी तारीख हाय."

तेवढ्यात भोंग्यावरून माझी जागा रिकामी असल्याची हाक आली. मी जाऊन उभा राहिलो. तिसरा टेक पास झाला.

गुरुवारी मी जामखेडला गेलो. का गेलो, सांगता येत नाही. लाज वाटली असती तर सांगायला बरं होतं, पण तसं काही जाणवलं नाही. एसटी आली, चढलो.

कोर्टात पाहिलं ते सांगितलं. तिच्या नवऱ्याचा वकील अदबीनं बोलणारा होता.

"गुरुजी, तुम्ही किती अंतरावर होता?"

"पंधरा पावलं."

"एवढं सगळं डोळ्यांदेखत झालं, तर तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

टायपिस्टनं तेही टाइप केलं. मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

बाहेर तिच्या वकिलानं सांगितलं, साक्ष झाली, उपयोग होईल, पुढची तारीख दोन महिन्यांनी.

"तारखेला मी येऊ का?" एसटी स्टँडवर मी तिला विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "तुमचं झालं की, गुरुजी."

आणि माहेरच्या गाडीची पाटी वाचायला पुढं गेली.