सूप आत, विणणारे भायर

"तू भायर बस गो. लागला तर बोलवतंय."

मीटिंगच्या खोलीच्या दारातच टीम लीडने मला अडवलं. आत परगावाहून आलेले ग्राहक बसले होते. पडद्यावर माझा कोड होता. मी लिहिलेला. वर नाव त्याचं.

लीड आमच्या पेडणे तालुक्यातलाच, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या घरातला. मी नोकरीला लागले तेव्हा त्याने गाव विचारलं. इब्रामपूर म्हटल्यावर हसला. "म्हणजे सुपां विणणाऱ्यातली." तेव्हापासून ऑफिसात माझं नाव सूप.

कोड रस्ट या संगणकभाषेतला. त्यात क्लोजर असतो. कामाचा छोटा तुकडा बांधायचा, त्याला लागणारं सामान त्यातच भरायचं, आणि तो दुसऱ्या फंक्शनच्या हाती सोपवायचा. पुढे कधी चालवायचा, किती वेळा, ते त्या फंक्शनची मर्जी. वरचं फंक्शन तेवढं लीडचं होतं. आतले सगळे क्लोजर माझे.

दारात उभी होते आणि डोळ्यांपुढे लहानपणी पाहिलेलं भाटकाराचं अंगण आलं. बाबा सुपं घेऊन जायचे, मी बरोबर. सुपं पायरीखाली ठेवायची. घरातली बाई त्यांवर तांब्यातलं पाणी शिंपडायची आणि मग उचलून आत न्यायची. सूप चालायचं. विणणारे हात चालत नसत. आम्ही उन्हात उभे, आणि बाबा आपले हसतमुख. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

आता तांब्या लागत नाही. वरचं नाव बदललं की झालं.

माझे पाय बाहेर वळलेही होते. बाबांची सवय, माझ्या पायांत. मग मात्र डोकं फिरलं.

"मी भायर बसूचंय नाय. ह्या काम माजा. मीच सांगतलंय."

खुर्ची ओढून बसले. एकेक क्लोजर समजावून सांगितला. आणि नाव सांगितलं, आडनावासकट.

संध्याकाळी लीडने मला त्या कामावरून काढलं. उद्या नोकरीवरूनही काढतील. बाबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले,

"गप रवाचा होता गो बाये."

नाही राहणार बाबा. एकदाच चालेल असाही क्लोजर लिहिता येतो. दुसऱ्यांदा चालवायला गेलात तर कोड तपासणारा कंपाइलर तिथेच अडवतो, मग तुम्ही भाटकार असा नाहीतर कोणी. लीडने मला एकदा वापरून घेतलं. तेवढं पुरे.

यापुढे माझं काम ज्या खोलीत जाईल तिथे मी जाणार. मला बाहेर ठेवायचं असेल, तर सूपही बाहेरच राहील.