आधी काऊन ते सांग

जानेफळात माझ्या आत्याइतकी चौकस बाई दुसरी झाली नाही, आणि होऊही नये. आम्हा नातेवाइकांत तेवढा दम उरलेला नाही. दारात आलेल्याला ती 'या' म्हणायच्या आधी 'काऊन आले?' विचारते. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका पाहुण्याला तिनं 'इतकी घाई काऊन?' म्हणून असं खोदून खोदून विचारलं की बिचारा चहा न पिताच पळाला. विजेचं मीटर पाहणारा तर आता गल्लीत शिरतानाच मोठ्यानं आपलं काम सांगतो.

अशा बाईच्या कानाला यंत्र आलं. घरातलं बोलणं त्यानं ऐकू येई, पण फोनवरचं ऐकायचं तर ॲपमधून ते यंत्र फोनला जोडावं लागे. ॲप उघडलं की पाटी यायची: 'तुमचं ठिकाण जाणून घेण्याची परवानगी द्या.' पुढे एक अक्षर नाही! आत्या 'नाही' दाबायची.

"कानाच्या यंत्राले माह्यं घर काऊन पाहिजे बे? चोर हाये का तो?"

"आत्या, दे ना वं एकदाची!" मी ओरडायचो.

"तुले मालूम हाये का, काऊन ते?"

मला तरी कुठे ठाऊक होतं!

आणि तिकडे नागपुरात धाकट्या काकांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. काका रोज बहिणीला फोन करत, आणि आत्या "जोरानं बोल, जोरानं बोल" करत रडकुंडीला येई. माझं डोकंच फिरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी यंत्र विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावून त्याची चांगली खरडपट्टी काढली. तो बापडा शांतपणे म्हणाला, "भाऊ, जवळपासचं यंत्र शोधाले या फोनात ते परवानगी लागते. बाकी काही नाही."

आत्याला तसंच सांगितलं. "मंग असं लिवाले काय झालं होतं मेल्यायले!" म्हणत तिनं लगेच 'हो' दाबलं. एका ओळीचं काम! ती लिहायचा कंटाळा केला आणि बहीणभावाचे इतके दिवस मातीत घातले. तो ॲप बनवणारा कुठे भेटला तर त्याला आत्याच्या ओट्यावर नेऊन बसवीन, आणि सोडवायला मुळीच जाणार नाही.

त्या संध्याकाळी काकांचा आवाज थेट तिच्या कानात आला. "जेवली का वं अक्का?" ती "हाव" म्हणाली आणि मग तिनं काही विचारलंच नाही, नुसती ऐकत राहिली.

काका आता बरे आहेत. अजूनही रोज फोन करतात. आत्या त्यांना कपाशीचं, शेजारणीचं सांगत बसते, आणि तिकडून फक्त श्वास येतो. परवा मी यंत्राचा आवाज जरा कमी करायला गेलो, तर तिनं माझा हात झटकला.