पाटावरचा प्रोब

भिमाजीचा कुणावर म्हणून विश्वास नाही. दूधवाल्याच्या किटलीचा आधी वास घेणार, मग भांडं पुढे करणार. साळूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, चहात साखर घातली म्हटलं तरी चमच्याने तळ ढवळून बघणार. असल्या माणसाबरोबर मी अंबडच्या कंपनीत काम करतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वैताग येतो.

जनावरांच्या लशीसाठी आम्ही बंद टाकीत जिवंत पेशी वाढवतो. आत डोकावता येत नाही. दांडीसारखा, काचेच्या टोकाचा एक प्रोब आत बुडालेला असतो. आतला आंबटपणा किती, ते तो पडद्यावर दाखवतो आणि त्या आकड्यावर यंत्र आपोआप टाकीत औषध सोडतं. आकडा चुकला की पेशी मेल्या.

हे प्रोब तपासायला गेल्या वर्षी साक्षी नावाची मुलगी आली. दिवाळीत तिची नोकरी कायम व्हायची होती. भिमाजीने पहिल्या दिवसापासून तिला पाण्यात पाहिलं. "पोरगी त्या दांडीशी कायतरी करती," मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचा, "लक्ष ठेव." ती हात धुवायला गेली तरी याची मान वळायची.

दसरा झाल्यावर नवी टाकी लावली. साक्षीने प्रोब तपासूनच आत सोडला होता. तरी आकडा सरकत गेला, यंत्र नको तितकं औषध सोडत राहिलं आणि सगळ्या पेशी मेल्या. भिमाजी थेट साहेबांकडे गेला. "मी आधीच सांगत होतो. तिला काढा."

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. साक्षीचे डोळे रडून लाल झाले होते. "सर, तपासताना आकडा बरोबर होता. प्रोब मधे कधी कोरडा राहिला होता का? त्याची काच कायम बाटलीतल्या खारट द्रावणात बुडलेली लागते. वाळली की नंतर दगा देते."

"कोरडा?" भिमाजी उसळला. "वस्तू कशी जपायची ते मला नका शिकवू! खंडेनवमीला मी सोता बाटलीतून काढला, धुतला, पुसून कोरडा..."

तो थांबला.

आम्हा सगळ्यांना एकदमच आठवलं. हत्यारांच्या पूजेला भिमाजीने मखमलाबादच्या आपल्या मळ्यातला झेंडू आणला होता. पाटावर पाना, पक्कड, शेजारी तो प्रोब. साक्षी तेव्हा हरसूलला गावी होती. साहेबांनी खाली पाहिलं; नारळ त्यांनीच फोडला होता. मीही पेढा खाल्ला होता. भिमाजीने शब्द गिळला असता तर मुलगी घरी गेली असती, आणि मला तर वाटलं, हा गिळणारच.

"कोरडा करून पाटावर ठेवला, साहेब," तो म्हणाला. "कुंकू मीच लावलं. दसराभर तिथंच व्हता, मग मीच परत बाटलीत घातला. पोरीचं काय चुकलं नाय."

साक्षी कायम झाली. भिमाजीला साहेबांनी चार शब्द सुनावले, ते त्याने मान खाली घालून ऐकले.

यंदाच्या खंडेनवमीला त्याने प्रोब बाटलीतून काढलाच नाही. झाकण लावलेली बाटलीच पाटावर मांडली, तिलाच हार घातला. साक्षी पलीकडे उभी राहून त्याच्या हातांकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता हा भडकणार.

"बघ बाई, नीट बघ," भिमाजी म्हणाला, आणि तिला दिसावं म्हणून जरा बाजूला सरकला.