चुरचुरणारा शर्ट

जंगलात मौन हीच खरी प्रार्थना, असे मी मोहर्लीच्या चहाटपरीवर वाघ पाहायला आलेल्या सोबत्यांना गंभीरपणे सांगत होतो. तेवढ्यात बाकावरच्या एका बाईने माझ्या हातातल्या चिप्सच्या पाकिटाकडे बोट दाखवले.

"भाऊ, फाडू नका. खाली झालं का मले द्या."

असली पाकिटे भंगारवालासुद्धा घेत नाही. तिने ते पदराने पुसले आणि मांडीवरच्या जुन्या पुरुषी शर्टाच्या पाठीला टाचायला घेतले. तिथे आधीची पाकिटे चकाकत होती. तिने शर्ट झटकला, तशी सगळी चुरचुरली.

"हे कशासाठी?" मी विचारले.

"मोहफुलं वेचाले वाकलं का मागचं दिसत नाई. मागच्या साली माह्या जावेले वाघानं मागूनच नेलं." तिने दाताने दोरा तोडला. "माणूस येऊन राह्यलं, हे त्याले आधी कळलं पाहिजे."

तिने शर्ट उलटून पाहिला.

"अजून एक पाकीट खा न भाऊ. पाठ अर्धीच झाली."

मी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिप्सीत आम्ही श्वासही जपून घेतला. परतताना ती रस्त्याने चुरचुरत येताना दिसली.

"दिसला का वाघ?" तिने विचारले.

"नाही."

"मलेबी नाई," ती समाधानाने म्हणाली.

तिची टोपली भरलेली होती.